थ्रेड आठाचे चौसष्ट केले, लॅब तरी अडकलेलीच: एका एनएफएस सर्व्हरचं प्रकरण

नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर विभागाची ६० मशीनची लॅब आहे. सगळीकडे लिनक्स. विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचं होम फोल्डर समोर यावं म्हणून सगळी होम फोल्डर एका सर्व्हरवर ठेवून एनएफएसने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्याच मशीनवर असल्यासारखं वापरू देणाऱ्या पद्धतीने, माउंट केलेली (जोडलेली). सर्व्हरमध्ये स्टोरेज दोन प्रकारचं आहे. होम फोल्डरसाठी दोन एसएसडींचा मिरर (दोन्हींवर एकच डेटा), आणि मोठ्या साठ्यासाठी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्कचा रेड-५, म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर पसरवून, एक बिघडली तरी तो परत मिळावा म्हणून पॅरिटी नावाची हिशोबाची माहिती सोबत ठेवणारी रचना.

या रेडवर आधी लेक्चरचे व्हिडिओ आणि पास होऊन गेलेल्या पोरांचे प्रोजेक्ट पडून असत, म्हणजे कामाचा ताण जवळपास शून्य. मग लायब्ररीने जुने कागद स्कॅन करायला घेतले. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे इथल्या जुन्या दप्तरांत उर्दू आणि मोडी दोन्ही सापडतं, आणि कागद हात लावला की तुटावा अशा अवस्थेत असतो. त्यामुळे एकदाच, पण चांगलं स्कॅन करायचं ठरलं: रंगीत, ३०० डीपीआय, कॉम्प्रेशन नाही. ए-फोर आकाराचं पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे एका पानाला साधारण २६ एमबी. तीन स्कॅनिंग मशीन बसली आणि तिन्ही मशीन हा माल थेट रेडवर लिहू लागली.

तक्रार मात्र लायब्ररीतून आली नाही, लॅबमधून आली. सकाळच्या पहिल्या प्रॅक्टिकलला ठीक असायचं, अकरानंतरच्या बॅचला पोरं पासवर्ड टाकून नुसती बसून राहायची. "सर, लॉगिन होईनाच बघा, नुसतं गोल गोल फिरायलंय." कधी तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त. एकदा आत शिरल्यावर फाइल सेव्ह करतानाही मध्येच मशीन थिजायचं आणि आपोआप सुटायचं.

विभागाच्या ॲडमिनने स्विच बदलून पाहिला, केबल तपासल्या. फरक पडला नाही. मग त्याने एनएफएसच्या जुन्या मार्गदर्शकांत सापडणारा सल्ला पाळला. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये काम करणारे थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे कामकरी, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) चालतात, त्यांची संख्या आपण ठरवून द्यायची असते आणि वर्षानुवर्षे न सांगता मिळणारा आकडा होता ८. साठ मशीनला आठ थ्रेड कसे पुरणार? त्याने एनएफएस.कॉन्फ फाइलमध्ये ८ चे ६४ केले आणि सेवा पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी लॅब तशीच. उलट सर्व्हरचा लोड ॲव्हरेज (चालू किंवा अडकलेल्या कामांची सरासरी संख्या) आधी आठाच्या आसपास असायचा, तो आता साठच्या वर. या टप्प्यावर त्यांनी मला बोलावलं.

वेळ जातो कुठे

लॅबमधल्या एका मशीनवर एनएफएसच्या कॉलना लागणारा वेळ दाखवणारं एनएफएसआयओस्टॅट चालवलं. यात दोन वेगळे वेळ दिसतात: कॉल पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा, आणि क्लायंटच्या (इथे लॅबमधल्या मशीनच्या) स्वतःच्या रांगेसकटचा पूर्ण वेळ. दोन्ही जवळपास सारखे होते, म्हणजे क्लायंटकडे काही तुंबत नव्हतं. पाठवल्यावर उत्तर यायलाच वेळ लागत होता, तोही कधी पन्नास मिलिसेकंद, कधी सेकंदभर. त्याच मशीनवरून सर्व्हरला पिंग मात्र मिलिसेकंदाच्या आत परत येत होतं. नेटवर्कचा प्रश्न तिथेच मिटला.

सर्व्हरवर, डिस्क किती गुंतल्या ते दाखवणारं आयओस्टॅट पाहिलं तर होम फोल्डरचा एसएसडी मिरर जवळपास मोकळा, प्रत्येक विनंती मिलिसेकंदाच्या आत निकाली. रेडच्या चारही डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेल्या. सीपीयू रिकामा.

आता बघा: विद्यार्थ्याचं होम एसएसडीवर. नेटवर्क मोकळं, एसएसडी मोकळी, सीपीयू मोकळा. तरी उत्तराला सेकंदभर. नेटवर्क कार्ड आणि एसएसडी यांच्या मध्ये एकच गोष्ट उरते, ती म्हणजे विनंती उचलणारा थ्रेड. पीएस कमांडने एनएफएसडीच्या (एनएफएस सर्व्हरच्या) थ्रेडची अवस्था पाहिली. चौसष्टच्या चौसष्ट 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट पाहत अडकलेले. लिनक्स हे असले थ्रेडही लोड ॲव्हरेजमध्ये धरतो, म्हणून सीपीयू निवांत असताना लोड साठच्या वर. आधी लोड बरोबर आठाशी येऊन थांबत होता ही खूण तेव्हाच बोलकी होती: लोड जर थ्रेडच्या संख्येला चिकटून बसला असेल तर अख्खा पूल (थ्रेडचा सगळा संच) कुठेतरी अडकलाय असं समजावं.

कुठे अडकलाय तेही पाहता येतं. प्रत्येक थ्रेडच्या प्रॉक फोल्डरमध्ये स्टॅक नावाची फाइल असते. दहाबारा थ्रेडच्या वाचल्या, तर दोनच ठिकाणं परत परत दिसली. काही थ्रेड जेबीडी२_लॉग_वेट_कमिट इथे, म्हणजे ईएक्सटी४ या फाइलसिस्टमचं जर्नल (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरण्याची वाट पाहत. बाकीचे बॅलन्स_डर्टी_पेजेस इथे, म्हणजे मेमरीत न लिहिलेला माल इतका साचला की कर्नलने लिहिणाऱ्यालाच थांबवून धरलंय. दोन्ही वाटा त्या रेडकडे जाणाऱ्या. होम फोल्डरचं काम करणारा थ्रेड एकही सापडला नाही.

इथे एनएफएस सर्व्हरची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी कागदपत्रांत ठळकपणे लिहिलेली सापडत नाही. एक्स्पोर्ट (क्लायंटना वापरायला दिलेली फोल्डर) कितीही असोत, थ्रेडचा पूल सगळ्यांचा मिळून एकच असतो. एसएसडीसाठी वेगळे थ्रेड, रेडसाठी वेगळे, असं काही नाही. मोंढ्यात सगळे हमाल एकाच तुंबलेल्या गोदामाच्या दाराशी पोती खांद्यावर घेऊन उभे असले, तर शेजारचं गोदाम रिकामं असूनही तिथली गाडी उतरत नाही, तसा हा प्रकार.

जो आकडा नेहमी शून्य दाखवतो

ॲडमिनने मला सांगितलं होतं, "मी थ्रेडची आकडेवारी पण बघितली ना सर, पूल कधीच भरला नाही असं दाखवतंय." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. /प्रॉक/नेट/आरपीसी/एनएफएसडी या फाइलमध्ये 'टीएच' नावाची ओळ असते. त्यात पहिला आकडा थ्रेडची संख्या, दुसरा सगळे थ्रेड किती वेळा गुंतले ते, आणि पुढे दहा आकडे, पूल किती टक्के भरलेला किती सेकंद होता ते. जुनी मार्गदर्शकं या ओळीवर पानंच्या पानं खर्च करतात: शेवटचे आकडे मोठे असतील तर थ्रेड वाढवा.

हे मोजमाप कर्नलमधून फार पूर्वीच काढून टाकलं. मोजण्याचा खर्च जास्त आणि उपयोग कमी, असा विचार त्यामागे होता. पण ही फाइल वाचणारी जुनी साधनं मोडू नयेत म्हणून ओळ ठेवली, आणि पहिल्या आकड्यानंतर सरसकट शून्यं छापली जातात. म्हणजे पूल पूर्ण गळ्यापर्यंत भरलेला असतानाही इथे शून्यच दिसणार. नसलेल्या माहितीपेक्षा ही शून्यं जास्त घातक, कारण वाचणारा निर्धास्त होतो. माझं मत विचाराल तर ती ओळ काढूनच टाकायला हवी होती.

खरी माहिती /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/पूल_स्टॅट्स या फाइलमध्ये मिळते. त्यात पॅकेट्स-अराइव्ह्ड, सॉकेट्स-एन्क्यूड, थ्रेड्स-वोकन असे रकाने असतात. कर्नलच्या दस्तऐवजात सॉकेट्स-एन्क्यूड शून्याजवळ असावा असं म्हटलंय, पण नव्या कर्नलमध्ये तो जवळपास प्रत्येक आगमनासोबत वाढत जातो, त्यामुळे मी त्यावर अवलंबून राहत नाही. मी पाहतो ते पॅकेट्स-अराइव्ह्ड आणि थ्रेड्स-वोकन यांचं नातं. दर दहा सेकंदांनी दोन्हींमधली वाढ मोजायची. काम आलं आणि कुणी मोकळा थ्रेड झोपलेला असला तर त्याला उठवलं जातं, म्हणून निवांत वेळी दोन्ही आकडे सोबत चालतात. अकरानंतर मात्र कामं धडाधड येत होती आणि थ्रेड्स-वोकन जागचा हलत नव्हता. उठवायला झोपलेला कुणी नव्हताच.

चौसष्टने फरक का पडला नाही

ॲडमिनचा खरा प्रश्न हा होता आणि तो रास्त आहे. आठ गुंतले म्हणून चौसष्ट केले, तर छप्पन्न मोकळे राहायला नकोत का?

हिशोब करू. रेडवर त्या मिश्र कामात सेकंदाला साधारण ६० एमबी उतरत होते. चार डिस्कना यापेक्षा जास्त जमायला हवं असं वाटेल, पण ७२०० आरपीएमची डिस्क एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद घेते, म्हणजे डोकं योग्य जागी पोचल्यावरही सरासरी चार मिलिसेकंद नुसती फिरण्याची वाट. त्यात रेड-५ वर अर्धवट पट्टा (सगळ्या डिस्कवर मिळून पसरलेला डेटाचा एक तुकडा) लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नवी लिहा, असं एका लिखाणाचं चार कामांत रूपांतर होतं. तीन मशीनच्या फाइली एकमेकांत मिसळून येत होत्या, सोबत स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक पानाची छोटी प्रतिमा आणि माहितीची फाइलही तयार करत होतं. त्यामानाने ६० बरेच.

एनएफएसचा एक लिहिण्याचा कॉल इथे १ एमबीचा. म्हणजे रेड सेकंदाला साठ कॉल पुरे करतो आणि सेकंदाला साठ थ्रेड मोकळे होतात. थ्रेड ८ असताना प्रत्येक कॉल ८ भागिले ६०, म्हणजे ०.१३ सेकंद अडकायचा. ६४ केल्यावर एका कॉलला सेकंदाहून थोडं जास्त. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं रांगेचं सूत्र हेच सांगतं: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. वेग डिस्कने ठरवलाय. तुम्ही आतली संख्या वाढवली की वाढतो तो फक्त वेळ.

लॅबला मोकळा थ्रेड किती वेळाने मिळणार हे थ्रेडच्या संख्येवर ठरत नाही, ते किती वेगाने मोकळे होतात यावर ठरतं. तो वेग आठ असतानाही साठ होता आणि चौसष्ट असतानाही साठच. मोकळा झालेला थ्रेड समोरच्या रांगेतली लॅबची दोनचार कामं झटपट उरकतो, पण लगेच त्याच्या हाती स्कॅनरचं काम येतं आणि तो पुन्हा अडकतो. लॅबच्या एका कॉलला असे तीन थ्रेड मोकळे होईपर्यंत थांबावं लागलं तरी पन्नास मिलिसेकंद गेले. ते जाणवलंही नसतं, पण डेस्कटॉपच्या लॉगिनमध्ये सेटिंगच्या, कॅशच्या, ब्राउझर प्रोफाइलच्या बारीक फाइली उघडण्याचे हजारो कॉल होतात आणि बरेचसे एकामागे एक. चार हजार कॉल गुणिले पन्नास मिलिसेकंद म्हणजे दोनशे सेकंद. पोरं म्हणत होती तीन मिनिटं, ती इथून आली. मध्येच सगळं थिजायचं त्याचं कारण जर्नल: कमिट सुरू झालं की पुष्कळ थ्रेड एकाच वेळी त्याच्यासाठी थांबतात आणि एकदमच सुटतात.

उरलेला प्रश्न, चौसष्टही थ्रेड भरावेत इतकं काम तीन मशीन कुठून आणतात? एनएफएस ४.१ मध्ये क्लायंट सर्व्हरशी सत्र उघडताना ठरवतो की एका वेळी किती कॉल हवेत, म्हणजे पाठवलेले पण उत्तर बाकी असलेले, राहू शकतात. लिनक्स क्लायंटचा नेहमीचा आकडा आहे ६४. म्हणजे एकच स्कॅनिंग मशीन, त्याच्या मेमरीत लिहायचा माल साचलेला असेल तर, सर्व्हरचे चौसष्टच्या चौसष्ट थ्रेड एकट्याने भरू शकतं. तीन मिळून १९२.

क्लायंटच्या लॉगमध्ये 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' असा संदेश का नव्हता, असंही त्याने विचारलं. टीसीपीवर एका कॉलची मुदत ६० सेकंद असते. त्यात उत्तर येत असेल, भले उशिरा, तर क्लायंट तक्रार करत नाही.

तीन सुचवण्या आणि एक जुनं पॅरामीटर

विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये बसलो तेव्हा तीन उपाय समोर आले. पहिला, थ्रेड २५६ करा. गंमत म्हणजे हा चालला असता. तीन मशीन मिळून १९२ च्या वर जाऊ शकत नाहीत, उरलेले ६४ लॅबला. प्रत्येक थ्रेड एक एमबीच्या कॉलसाठी तेवढी मेमरी धरून बसतो, म्हणजे पाव जीबीच्या आसपास, ते सर्व्हरला परवडतं. पण रेडवर १९२ कॉल एकदम लादले की प्रत्येकाला तीन सेकंदांच्या वर लागणार, आणि चौथं स्कॅनिंग मशीन आलं की पहिले पाढे पंचावन्न. लायब्ररीच्या मॅडम चौथ्याची चौकशी करतच होत्या.

दुसरा, एक्स्पोर्टवर 'असिंक' लावा. असिंक म्हणजे माल डिस्कवर उतरला नसतानाही सर्व्हर क्लायंटला "उतरला" असं सांगतो. उन्हाळ्यात इथे लाइट जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या वयस्क झाल्या आहेत, आणि ज्या कागदाचं पान दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवायची भीती वाटते त्याची फाइल अशी हवेत सोडणं मला मान्य नव्हतं. शिवाय बॅलन्स_डर्टी_पेजेसमध्ये थांबणारे थ्रेड असिंकनेही सुटत नाहीत.

तिसरा, सनआरपीसीचा (एनएफएसचे कॉल हाताळणाऱ्या कर्नलच्या भागाचा) पूल मोड बदला. यात सीपीयूप्रमाणे किंवा मेमरीच्या नोडप्रमाणे थ्रेडचे वेगळे गट पाडता येतात. नाव ऐकून हाच उपाय वाटतो, पण वाटणी एक्स्पोर्टनुसार होत नाही. काम कुठल्या सीपीयूवर आलं त्यावरून ते गटात जातं. स्कॅनरचं काम सगळ्याच गटांत शिरणार.

आम्ही जे केलं ते सनआरपीसी मॉड्यूलच्या एका पॅरामीटरने: एसव्हीसी_आरपीसी_पर_कनेक्शन_लिमिट. एका जोडणीवरचे किती कॉल सर्व्हर एका वेळी हाताळेल त्याची ही मर्यादा. न सांगता मिळणारी किंमत ० आहे आणि शून्याचा अर्थ इथे 'मर्यादा नाही'. ती १६ केली, थ्रेड ६४ च ठेवले. तीन स्कॅनर मिळून जास्तीत जास्त ४८ थ्रेड, लॅबला कायम १६. लॅबला खरं तर किती लागतात? ऐन लॉगिनच्या वेळी साठ मशीन मिळून सेकंदाला तीन हजार कॉल धरले आणि एसएसडीवर प्रत्येकाला एक मिलिसेकंद, तर लिटलच्याच सूत्राने तीन थ्रेड. सोळा म्हणजे चैन.

हे पॅरामीटर चालू सर्व्हरवर /सिस/मॉड्यूल/सनआरपीसी/पॅरामीटर्स मध्ये लिहिता येतं, सेवा थांबवावी लागत नाही. साडेअकराची बॅच चालू असतानाच लिहिलं. पूल_स्टॅट्समध्ये थ्रेड्स-वोकन पुन्हा आगमनांसोबत चालू लागला. लोड पन्नासच्या खाली येऊन थांबला, म्हणजे स्कॅनरचे ४८ अडकलेले आहेतच, ते अडकणारच, फक्त आता त्यांची अडवणूक त्यांच्यापुरती राहिली. लॅबचं लॉगिन काही सेकंदांवर आलं. स्कॅनिंगचा वेग कमी होईल अशी लायब्ररीला धास्ती होती. तो कमी झाला नाही, कारण रेड तेव्हाही साठच एमबी गिळत होता आणि आताही तेवढेच.

जे अजून उरलंय

मर्यादा जोडणीला आहे, एक्स्पोर्टला नाही. याचे परिणाम दोन. एक, लिनक्स क्लायंट एकाच सर्व्हरवरची सगळी माउंट सहसा एकाच जोडणीवरून चालवतो, त्यामुळे लॅबमधल्या एखाद्या पोराने स्कॅनचं फोल्डर उघडून शेकडो पानांच्या प्रतिमा मागवल्या तर त्याचं स्वतःचं होमही त्याच सोळांच्या रांगेत सापडतं. दोन, अख्ख्या वर्गाने ते एकदम केलं तर बेरीज ६४ च्या पार जाते आणि जुनं दुखणं परत. म्हणून लॅबच्या मशीनवरून स्कॅनचं माउंट सध्या काढलं आहे, पाहायचं असेल त्याने लायब्ररीत जायचं. पोरांना हे आवडलेलं नाही.

स्कॅनिंग मशीनवर कुणी एनकनेक्ट हा माउंट पर्याय लावला तरी हिशोब मोडतो. लिनक्स ५.३ पासून तो एका माउंटसाठी अनेक जोडण्या उघडू देतो. चार जोडण्या गुणिले सोळा म्हणजे एकाच मशीनला पुन्हा चौसष्ट. तो लावलेला नाही याची खात्री करून माउंटची ओळ ॲडमिनने कुलूपबंद करून ठेवली आहे.

पक्का उपाय म्हणजे स्कॅनचा साठा वेगळ्या सर्व्हरवर, किंवा याच यंत्रात वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर नेणं, म्हणजे त्याचा थ्रेड पूलच वेगळा होईल. वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्येही (त्याच यंत्रातल्या स्वतंत्र नेटवर्कच्या कप्प्यातही) एनएफएसडीचा स्वतंत्र संच चालवता येतो, पण तीन वर्षांनी ॲडमिन बदलला तर नव्या माणसाला ते उलगडणार नाही, म्हणून मी व्हर्च्युअल मशीनच्या बाजूने आहे. रेडच्या डिस्क सरळ त्या मशीनला द्यायच्या आणि आठ थ्रेड पुरे. त्यासाठी सर्व्हरला आणखी मेमरी हवी, कोटेशन मागवलं आहे. तोपर्यंत मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये ती मर्यादेची ओळ टाकून ठेवली आहे, कारण सिसमध्ये लिहिलेलं रीबूटनंतर राहत नाही, आणि इथे रीबूट आपण ठरवून होतोच असं नाही.